मुलांच्या चित्रांचं कौतुक: तुमच्या घरातलं एक चित्र सांगा, आणि स्पर्धेच्या चित्राला मोठ्यांनी हात लावावा का तेही

शाईपेन
आपल्या पोराने काढलेल्या चित्राचं कौतुक चारचौघांत करायचं म्हटलं की हल्ली संकोच वाटतो. 'सगळ्यांचीच मुलं काढतात' असं कोणीतरी म्हणतंच. काढतात हे खरं, पण प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते वेगळेपण बघायला घरात कोणीतरी निवांत बसावं लागतं. म्हणून हा धागा. तुमच्या घरातलं एखादं चित्र इथे शब्दांत सांगा. फोटो नकोत, मुलांची नावं, शाळाही नकोत.

सुरुवात मी करते. लेक पहिलीत आहे. गणपती झाल्यावर तिने विसर्जन काढलं. कागदाच्या मधोमध निळा पट्टा म्हणजे नदी. वरच्या काठावरची माणसं नीट उभी आहेत. खालच्या काठावरची सगळी उलटी, पाय नदीकडे आणि डोकी कागदाच्या खालच्या कडेकडे. ताशेवाल्याला चार हात, कारण 'तो फार भराभर वाजवतो'. गणपती छातीपर्यंत पाण्यात आहे, तरी त्याचे पाय, मोदकाचं ताट आणि उंदीर पाण्याखाली स्वच्छ दिसतात. उंदराचे डोळे नुसत्या दोन आडव्या रेघा आहेत. तो रडतोय का, असं विचारलं तर म्हणाली, 'नाही गं आई, तो पोहतोय. डोळ्यात पाणी जाईल ना.'

मला या चित्राचा किती अभिमान वाटतो ते सांगता येणार नाही. तेच चित्र आमच्या सोसायटीच्या स्पर्धेला दिलं होतं. घरून काढून आणायची स्पर्धा होती. पाच ते सात वर्षांच्या गटात पहिलं आलेल्या चित्रात ढगांना छटा होत्या, चेहऱ्यांना गालांचे उठाव होते, लांब जाणारा रस्ता अरुंद होत गेला होता. एक शेजारीण मला प्रेमानेच म्हणाली, 'तूही जरा हात फिरवून द्यायचास, उलटी माणसं तरी सरळ करायचीस.' बक्षीस मिळालं नाही याचं मला काही नाही, लेकीलाही नव्हतं. पण त्या चित्रापुढे उभं राहून तिने विचारलं, 'हे कुणाच्या बाबांनी काढलंय?' सहा वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते परीक्षकांना दिसू नये याचं वाईट वाटलं.

हात लावावा का? माझं मत स्पष्ट आहे, लावू नये. तुमचं सांगा.

हर्णैचे_आजोबा
शाईपेन ताई, उंदीर वाचून फार बरं वाटलं. आमचा नातू मे महिन्यात येतो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तिथे त्याला घेऊन जातो. गेल्या सुट्टीत घरी येऊन त्याने होडी काढली आणि होडीखाली समुद्रात मासे. हे मासे नुसते पानाच्या आकाराला शेपूट लावलेले नव्हते बरं का. बांगड्याच्या पाठीवर वाकड्यातिकड्या काळ्या रेघा होत्या. बोंबलाचं तोंड उघडं आणि अंग ढिलं. पापलेट चपटं, पतंगासारखं. मी साठ वर्षं मासळी खातोय, पण कागदावर मला बोंबील आणि बांगडा वेगळे काढता आले नसते. त्याने ते लिलावाच्या गर्दीत, मोठ्यांच्या पायांमधून बघितले होते.

हात लावायचं म्हणाल तर कुणाच्याही पानातला घास आपण उष्टा करत नाही, मग चित्र कशाला करायचं?

रेघारेघा
मी चित्रकला शिक्षिका आहे, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून माध्यमिक शाळेत लागले. पण दुपारच्या अधिवेशनात प्राथमिकचे वर्गही घेते, त्यामुळे पहिलीपासून दहावीपर्यंतची चित्रं रोज हाताखालून जातात. या विषयावर मला खूप सांगायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

शाईपेन, उलटी माणसं ही चूक नाही. तुमच्या लेकीने नदीच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठ बघितले आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या काठावर उभी केली. रस्ता काढला तरी दोन्ही बाजूंची झाडं अशीच बाहेरच्या अंगाला आडवी पडतात. कॅरम खेळणारी चार जणं काढायला सांगा, चौघांची डोकी चार दिशांना जातील. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकाने १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या, त्यात हे उलगडून काढणं नोंदवलेलं आहे. साधारण दोन ते चार वर्षं रेघोट्या, मग चारपासून सातपर्यंत डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस आणि हळूहळू त्याला मिळणारं धड, सातनंतर जमिनीची रेघ आणि तिच्यावर ओळीने उभं असलेलं जग, नऊच्या पुढे 'खऱ्यासारखं' दिसण्याची ओढ. वयं मागेपुढे होतात, पायऱ्या बहुतेक त्याच क्रमाने येतात. तुमची लेक वयाच्या मानाने पुढची गोष्ट करतेय.

पाण्याखालचे पाय दिसणं हीसुद्धा जुनी ओळखीची गोष्ट. लुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्येच लिहून ठेवलं की मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढतं. गणपतीला पाय आहेत हे तिला ठाऊक आहे, मग पाण्याआड ते लपवायचे कशाला? आमच्याकडची मुलं एसटी काढतात तेव्हा पत्र्यातून आतले प्रवासी, त्यांच्या पिशव्या आणि पिशवीतली मेथीची जुडीसुद्धा दिसते.

आता विचार करा, 'माणसं सरळ कर' म्हणून तुम्ही हात लावला असता तर काय झालं असतं? खालच्या काठावरची माणसं नदीकडे पाठ करून किंवा नदीत पाय सोडून उभी राहिली असती. चित्र सरळ दिसलं असतं आणि विसर्जन गेलं असतं. चार हातांचा ताशेवाला तर मोठ्यांनी पहिल्यांदा खोडला असता.

माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. स्पर्धा असो नसो, मुलाच्या कागदावर मोठ्यांची पेन्सिल टेकू नये. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवावं.

अकोटवाला
रेघारेघा ताई, तुमचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. आमच्या गावाकडे स्पर्धा नसती तर पोराच्या हाती रंगाची पेटी आलीच नसती. माझ्या बापाने जन्मात ब्रश धरला नाही, मीही नाही. पोराला तालुक्याच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं, प्रमाणपत्र आलं, त्या दिवशी आमच्या बाबांनी ते बैठकीत शिवाजी महाराजांच्या फोटोखाली लावलं. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत. त्यानंतर पोरगा चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांपैकी पहिल्या, एलिमेंटरीला बसला, आता पुढच्या इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. ए ग्रेड आली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. शेतकऱ्याच्या घरात चित्रकलेला कोणी 'वेळ वाया' म्हणत नाही यापुढे, ते त्या कागदामुळे. बक्षिसाला नावं ठेवू नका एवढंच म्हणणं.

हात लावायचं तर मीही नाही म्हणतो. लावायला येतच नाही, हा भाग वेगळा.

एक विचारायचं होतं. लहान पोरगी दुसरीत आहे. चित्र काढ म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली वाकडी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. दर वेळी तेच. आमच्या अकोल्यात नारळ नाही हो. हे कुठून येतं आणि कसं घालवायचं?

रेघारेघा
दादा, तुमच्या बाबांनी प्रमाणपत्र महाराजांच्या फोटोखाली लावलं हे वाचून डोळे भरून आले. ग्रेडच्या परीक्षांना मी अजिबात नावं ठेवत नाही. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन, यातून हाताला शिस्त लागते. गावोगावच्या किती मुलांना पुढे कलेच्या महाविद्यालयाचं दार या परीक्षांनीच उघडून दिलंय. पण ती सातवी-आठवीच्या पुढची गोष्ट आहे. त्या वयात मुलाला स्वतःलाच 'खऱ्यासारखं' काढायचं असतं, तेव्हा शिकवलेलं उपयोगी पडतं. तेच निकष सहा वर्षांच्या पोरीला लावले की घोटाळा होतो.

डोंगर-सूर्य-नारळ कुठून येतं? आमच्याकडूनच येतं, हे शिक्षिका म्हणून सांगते. फळ्यावर 'निसर्गचित्र' म्हणून जे काढलं जातं ते चाळीसच्या चाळीस वह्यांत उतरतं, आणि मग ताईचं बघून धाकटा काढतो. विषयच असा द्यावा की त्यात नारळ बसणार नाही. तुमच्याकडे तान्हा पोळा असतो ना? लाकडी नंदी घेऊन पोरं निघतात, कुणाच्या नंदीला झूल, कुणाच्या नंदीला चाकं. तिला म्हणा, 'तुझा नंदी काढ, आणि त्याच्या शेजारी कुणाकुणाचे नंदी उभे होते ते काढ.' शेजारच्या नंदीची मोडलेली शिंगं तिच्या बरोबर लक्षात असतील.

निळाई
बक्षिसावरून आठवलं म्हणून लिहिते, मानसशास्त्र हा माझा विषय आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला, तोही नेमका चित्रांवर. ज्यांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं अशी मुलं निवडली. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी ठसा आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेनं नुसती ठेवून दिली, ज्याला वाटेल त्याने घ्यावीत. बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी चित्रं काढण्यात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र तशीच टिकली होती. प्रमाणपत्रासाठी काढलेली चित्रंही तुलनेने डावी ठरली, आणि ती तपासणाऱ्यांना कोणतं चित्र कुठल्या गटाचं हे सांगितलेलं नव्हतं.

अकोटवाला दादा, तुमच्या मुलाचं उदाहरण याच्या विरोधात जात नाही. त्याला बक्षिसाने दार उघडून मिळालं आणि घरात मान मिळाला. चिंता आहे ती आधीच रंगात हात बुडवून बसलेल्या चार वर्षांच्या पोराची. त्याला 'छान काढलंस तर चॉकलेट' म्हणू नये. तो आपल्या आनंदाने काढत असतो, आपण मध्ये चॉकलेट आणलं की काढणं हे चॉकलेटचं काम होतं.

कृष्णाकाठ
सांगलीहून. माझं चित्र जरा वेगळं आहे, लिहू की नको असा विचार करत होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरलं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. आम्ही नातेवाइकांकडे मिरजेला होतो. परत आल्यावर भिंतीवर पाण्याची ओळ राहिली होती, त्याच्या उंचीपेक्षा कितीतरी वर. पुढचे काही महिने तो फक्त पाणी काढायचा. सगळा कागद तपकिरी, निळा नाही, कारण पुराचं पाणी निळं नव्हतंच. त्यात एक नारिंगी होडी आणि होडीत आम्ही. प्रत्येक चित्रात होडीत एक माणूस जास्त. आधी आम्ही तिघं, मग आजी, मग शेजारच्या काकू, मग त्यांची म्हैस. म्हैस खरं तर होडीत नव्हती. पण त्याला कुणालाच मागे ठेवायचं नव्हतं.

कोणी कोणी म्हणालं, पोराला सारखं पुराचं काढू देऊ नका, फुलं-पक्षी काढायला सांगा. माझ्या बायकोने ऐकलं नाही. ती रोज शेजारी बसून विचारायची, 'आज होडीत कोण आलं?' हळूहळू होडी काठाला लागली, मग एक दिवस घर आलं, घराच्या भिंतीवर ती ओळसुद्धा त्याने काढली, आणि ओळीच्या वर खिडकीत मांजर. त्यानंतर पुराचं चित्र आलं नाही.

अभिमान म्हणाल तर मला त्या म्हशीच्या चित्राचा आहे. ते आम्ही फ्रेम केलंय, आणि त्या पावसाळी ओळीच्या बरंच वर लावलंय.

हर्णैचे_आजोबा
कृष्णाकाठ, तुमच्या सौभाग्यवतींना माझा नमस्कार सांगा.

पलीकडची
न्यू जर्सीहून. इथे मुलीच्या बालवाडीतल्या बाईंची एक सवय मला फार आवडली. त्या कधीच 'हे काय आहे?' असं विचारत नाहीत. 'मला या चित्राबद्दल सांग' म्हणतात, आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या खाली लिहून ठेवतात. घरी मी ते मराठीत सुरू केलंय. ती बोलते, मी लिहिते, तिचं मोडकं मराठी आहे तसं. साताऱ्याला आईबाबांना दर महिन्याला पाकीट जातं. फोनवरून फोटो पाठवता येतो हे खरं, पण आईला कागद हातात हवा असतो.

आमच्या सातारच्या घराचं चित्र तिने काढलंय. ती तिथे शेवटची गेली तेव्हा अडीच वर्षांची होती, आता साडेपाच आहे. घर तिने व्हिडिओ कॉलमधूनच जास्त पाहिलंय. म्हणून आजी-आजोबा चित्रात एका चौकोनात आहेत, आणि आजोबांचं अर्धंच डोकं दिसतंय, कारण ते फोन नेहमी वर धरतात. आईने ते बघितलं आणि आधी पोट धरून हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा फोन समोर उशीला टेकवून बसतात.

सोनचाफा_२
वाचतेय आणि राहवत नाही म्हणून लिहिते. मुलांच्या चित्रातले रंग 'चुकले' म्हणून ओरडू नका, सगळ्या आईबाबांना कळकळीने सांगणं आहे. माझा मुलगा झाडाची पानं तपकिरी करायचा आणि खोड कधी हिरवं, कधी तपकिरी. वर्गात त्याला सगळ्यांसमोर उभं करून 'तुला झाड माहीत नाही का?' असं विचारलं गेलं. त्याने चित्रकलेची वही घरी आणणंच बंद केलं. पुढे चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ठिपक्यांचे आकडे ओळखायची तक्त्यांची तपासणी केली. त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. हा प्रकार मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त आढळतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलांमध्ये ते एकच असतं. आजार नव्हे, औषधही नाही, फक्त माहीत असलं की झालं.

आता आम्ही प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. बहुतेक वेळा तो नाव न वाचताच रंगवतो, आणि मी काही बोलत नाही. त्याच्या चित्रात उजेड-अंधार इतका नीट असतो की बघत राहावं. संध्याकाळची गॅलरी काढली होती, वाळत घातलेल्या चादरीच्या एकाच कडेला ऊन. रंग कुठलाही असो, ऊन बरोबर तिथेच होतं.

रेघारेघा
सोनचाफा, हे प्रत्येक शिक्षकखोलीत वाचून दाखवायला हवं. मी उद्या माझ्या सहकाऱ्यांना सांगणार आहे. रंग चुकीचे दिसले तर आधी डोळे तपासायला सांगायचे आणि मगच बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे बक्षीस-शिक्षेचं नव्हे.

तळ्यातमळ्यात
सगळ्यांचं वाचलं. माझी अडचण उलटी आहे. आमच्या घरात कौतुक जरा जास्तच होतं. मुलगा चार वर्षांचा. एक रेघ ओढली की आजी 'वा वा, किती सुंदर', काका 'मोठा चित्रकार होणार', आत्या टाळ्या. आता तो कागदावर एक गोल काढतो, धावत आणून दाखवतो, टाळ्या घेतो आणि दुसरा कागद घेतो. चित्र पूर्ण असं होतच नाही. कौतुक करायचंय, मनापासून वाटतंही, पण कसं करायचं?

निळाई
'सुंदर' हा निकाल झाला. तो दिला की बोलणं संपतं आणि मूल पुढच्या निकालासाठी पळतं. त्याऐवजी जे दिसतंय ते सांगा. 'हा गोल तू किती जोरात दाबून काढलास, कागदाच्या मागे उमटलाय बघ.' 'इथे निळा आणि पिवळा एकमेकांवर गेलेत.' मग तो स्वतःच बघायला लागतो. आणि आजींना थांबवू नका, त्यांच्या आवाजातलं प्रेम त्याला हवंच आहे. फक्त 'वा वा' नंतर एक प्रश्न विचारायला सांगा, 'आत कोण आहे?' गोलाच्या आत कोणीतरी असतंच.

डहाणूची_शाळा
मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं वारली घरांतली. इथे चित्रांचं कौतुक आईबाप कसं करतात ते सांगावंसं वाटलं, कारण ते शहरापेक्षा अगदी निराळं आहे.

लग्नाच्या वेळी घरात चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, लिहिला जातो. 'लिहिला' असंच म्हणतात. गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चेचून केलेल्या ब्रशने. चौकात पालघाट ही मातृदेवी. हे काम सुवासिनींचं. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या भिंतीवरची ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, रोजचं जगणं त्यात आणलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

माझ्या विद्यार्थिनीच्या घरी मी चौक लिहिताना बघत होतो. बायका मधला चौकोन भरत होत्या. भिंतीच्या खालच्या कडेला, पोरीचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, तिला जागा सोडली होती. तिने तिथे दोन त्रिकोण जोडून बाई काढली, मग तिच्या मागे ओळीने कोंबड्या. कोणी 'छान' म्हटलं नाही. कोणी पुसलंही नाही. तिच्या आईने पिठाची वाटी तिच्याकडे सरकवली आणि पुढचं काम सुरू केलं. लग्नाला आलेल्या प्रत्येकाने देवीसोबत त्या कोंबड्याही बघितल्या. मोठ्यांच्या भिंतीवर आपलीही चित्रं आहेत, याहून मोठं कौतुक त्या मुलीला कोणी दिलं नसतं असं मला वाटतं.

शाईपेन
सर, 'पिठाची वाटी सरकवली' हे फार आवडलं. स्वयंपाकघराच्या बाहेरची एक भिंत मी लेकीला देऊन टाकणार, घरमालकांशी बोलून.

आता दुसरा प्रश्न, व्यवहाराचा. ही चित्रं टिकवायची कशी? तेलखडूची चित्रं एकमेकांना चिकटतात, स्केचपेनची उडतात. पलंगाखाली गठ्ठा आहे आणि पावसाळ्यात त्याला वास मारतो.

कागदवाला
माझं छपाई आणि स्कॅनिंगचं दुकान आहे, हे माझं रोजचं काम. सगळ्यात आधी, चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख आणि मुलाचं वय लिहा. बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं आणि वर्षांनी शाई पसरते. मूल त्याबद्दल काय बोललं तेही लिहा, पलीकडची ताईंनी म्हटलंय तसं.

तेलखडू कधीच पूर्ण वाळत नाहीत, त्यात तेल-मेण असतं. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला आणि आडवी ठेवा, गुंडाळी करू नका. स्केचपेनचे रंग उजेडाने उडतात, म्हणून जे भिंतीवर लावायचं ते उन्हाच्या समोरच्या भिंतीवर नको. फार आवडतं असेल तर त्याची रंगीत प्रत भिंतीवर आणि मूळ कागद आत. लॅमिनेशन करायला लोक माझ्याकडे येतात, मी नाही म्हणतो. एकदा केलं की ते काढता येत नाही, आणि यंत्राच्या उष्णतेने तेलखडू वितळून पसरतो.

स्कॅन ३०० डीपीआयला करा, पुढे मोठं छापता येतं. स्कॅनर नसेल तर फोन चालतो. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, कागद जमिनीवर आणि फोन बरोबर वरून. फ्लॅश बंद, नाहीतर तेलखडू चमकतो.

जुनी वर्तमानपत्रं मध्ये घालू नका, त्यातलं आम्ल चित्राच्या कागदाला पिवळं करतं. पाठकोऱ्या कागदावर काढलेलं असेल तर मागचा मजकूरही असू द्या. माझ्याकडे एका आजींनी नातीचं चित्र आणलं होतं, मागे तिच्या आजोबांच्या पेन्शनचा जुना अर्ज. दोन्ही बाजू स्कॅन करून दिल्या.

हर्णैचे_आजोबा
कागदवाले, कोकणात कसर लागते त्याचं काय? ट्रंक पत्र्याची आहे.

कागदवाला
आजोबा, पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम येतो. ट्रंक जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, तळाला स्वच्छ सुती कापड, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुड्या अधूनमधून बदला. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की एक दिवस सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या. कसर पहिल्यांदा खळ लागलेल्या कागदावर जाते, म्हणून गोंदाने चिकटवलेली कोलाजं वेगळ्या पाकिटात ठेवा.

अकोटवाला
रेघारेघा ताई, पोळ्याचं चित्र झालं. तिचा नंदी मधे, बाजूला सात नंदी. एकाला तीन चाकं. विचारलं तर म्हणाली, चौथं चाक मिरवणुकीत निघालं आणि नाल्यात गेलं, ते आणायला त्याचे बाबा गेले. बाबा चित्रात नाहीत, नाल्यातून फक्त त्यांची टोपी वर दिसते. माझ्या बाबांनी ते चित्र मागून घेतलं आणि बैठकीत लावलं, तिच्या दादाच्या प्रमाणपत्राच्या बाजूला. नारळाचं झाड नाही एकही.

रेघारेघा
टोपी! दादा, आजोबांना सांगा, त्यांची निवड अगदी परीक्षकाच्या नजरेची आहे.

शाईपेन
थोडं पुढचं सांगते. इथली चर्चा वाचून मी स्पर्धा घेणाऱ्या आमच्या सोसायटीच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलले. वाटलं होतं, वाद होईल. थोडा झालाही, दोन पालक म्हणाले की लहान मुलांना एकटं बसवलं तर ती रडतील. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या वर्षी सात वर्षांखालच्या गटाला क्रमांक नाहीत. सगळी मुलं हॉलमध्ये सतरंजीवर बसून काढतील, कागदावर मंडळाचा शिक्का असेल. पालक हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसतील, मुलांना दिसतील एवढ्या अंतरावर. आलेलं प्रत्येक चित्र उत्सवाचे पाचही दिवस मंडपात राहील. मोठ्या गटांना क्रमांक असतील, पण चित्रं तिथेच बसून काढायची.

एकच अडचण आहे. मंडपाचा पडदा कापडी आहे, टाचण्यांनी कागद फाटतात. दीडशे चित्रं कशी लावायची?

रेघारेघा
सुतळी बांधा, आडव्या तीन-चार ओळी, आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावू नका. सगळ्यात खालची ओळ पहिलीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर, आणि लहान गटाची चित्रं त्याच ओळीत. बघायला येणाऱ्या मोठ्यांना वाकावं लागेल, वाकू देत. प्रत्येक चित्राशेजारी मुलाने जे सांगितलं ते एका ओळीत लिहून चिकटवा, त्याच्याच शब्दांत. लिहायला दोन-तीन आया बसवा, मीही येईन, रविवारी चालत असेल तर.

शाईपेन
रविवारी चालेल. व्यनि (खासगी निरोप) करते.